जगात कधी, आणि आमच्या घरी कधी?

शाळेतून मुलांना 'प्रकल्प' मिळतो, तेव्हा तो खरं म्हणजे सगळ्या घराला मिळतो, हे कुठल्याही आईला सांगायला नको. थर्माकोल आणायचा वडिलांनी, चित्रं कापायची आईने, आणि आदल्या रात्री डिंक संपला की शेजाऱ्यांचं दार वाजवायचं आजोबांनी. आता काळ बदलला. थर्माकोल गेला, डिंक गेला, आणि मुलं म्हणू लागली, "आजी, आम्हाला संकेतस्थळ बनवायचंय."

विषय होता घरगुती उपकरणांचा इतिहास. मंडळी पाच. तीन आमच्या देवासची, दोन धारची. देवासच्या तिघांत माझी नववीतली नात आणि तिच्या दोन मैत्रिणी. धारची दोन म्हणजे माझ्या नणंदेची नातवंडं, एक मुलगा आणि एक मुलगी. इंदूर मध्ये धरलं तर दोन गावांत शंभर किलोमीटरचं अंतर, पण हल्ली फोनवर सगळे एका खोलीत बसल्यासारखे बोलतात. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून सल्लागाराचं पद माझ्याकडे आलं. बिनपगारी, अर्थात.

आमच्या इकडच्या मराठी घरांची थोडी ओळख द्यायला हवी. अठराव्या शतकात पवारांबरोबर जी मराठी कुटुंबं माळव्यात आली, ती इथलीच झाली. धारला पवारांचं एक संस्थान, आणि देवासला एकाच गावात दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, पण घरातली मराठी राहिली. बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, बाजारात माळवी, आणि स्वयंपाकघरात मराठी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम पडणार आहे.

पहिला मसुदा

दोन संध्याकाळी बसून मुलांनी पहिला मसुदा तयार केला. तो अगदी व्यवस्थित होता. जेकब पर्किन्सने १८३४ मध्ये बर्फ बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. जोसेफिन कॉक्रन या अमेरिकन बाईंनी १८८६ मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. ह्यूबर्ट बूथने १९०१ मध्ये धूळ ओढणारं यंत्र केलं, आणि ते इतकं अवाढव्य होतं की घोडागाडीवरून दारात आणून नळी खिडकीतून आत घालावी लागे. पर्सी स्पेन्सर या अभियंत्याला १९४५ मध्ये रडारच्या नळीजवळ काम करताना मायक्रोवेव्हने अन्न शिजवण्याची कल्पना सुचली. सगळं बरोबर. मार्क द्यायचे तर पैकीच्या पैकी.

मी एवढंच विचारलं, "यातलं आपल्या घरात काय काय आहे? आणि आपल्या घरात जे आहे, ते यात कुठे आहे?"

मुलं गप्प. भांडी धुण्याचं यंत्र ना देवासच्या घरी, ना धारच्या. उलट मसुद्यात जातं नव्हतं, पाटा-वरवंटा नव्हता, बंब नव्हता, विळी नव्हती, आणि ज्याच्या आवाजावर आमची एक अख्खी पिढी जागी झाली तो पितळी स्टोव्हही नव्हता. नातीने मग एक युक्ती काढली. प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने करायचे. पहिला, 'जगात कधी'. दुसरा, 'आमच्या घरी कधी'.

पहिला रकाना भरायला दहा मिनिटं लागली. दुसरा भरायला दोन महिने लागले. कारण दुसऱ्या रकान्याची माहिती संगणकात नव्हती, ती माणसांत होती.

भोजराजाची यंत्रं

धारच्या मुलाला आपल्या गावाचा फार अभिमान. त्याचं म्हणणं, यंत्रांचा इतिहास अमेरिकेपासून कशाला, धारपासून सुरू करू. आधी मी हसले, पण पोराचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. अकराव्या शतकात धारेत राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वारा ही यंत्रांची बीजं मानून त्यात कळसूत्री बाहुल्या, पाण्याची कारंजी, दाराशी उभा राहणारा लाकडी रखवालदार अशा गोष्टी वर्णिल्या आहेत. दिव्यात तेल घालणारी बाहुलीसुद्धा आहे.

गंमत पुढेच आहे. ही यंत्रं बनवायची कशी, हे ग्रंथकार सांगत नाही. आणि का सांगत नाही, तेही सांगतो: अज्ञानामुळे नव्हे, तर गुपित राहावं म्हणून. म्हणजे यंत्रं खरोखर चालत होती की कल्पनेत होती, हे त्या पानावरून ठरत नाही. मी मुलाला म्हटलं, "हे लिही. पण 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं लिहू नकोस. जेवढं पोथीत आहे तेवढंच लिही." त्याने तसंच लिहिलं. आणि खाली स्वतःहून एक ओळ घातली की, राजाच्या महालात दिव्याला तेल घालायला बाहुली होती की नाही ठाऊक नाही, आमच्या घरी मात्र ते काम पणजी करायची.

वीजघराचा कारभारी

देवासच्या मुली मागे कशा राहतील? त्यांच्या हाती लागला ई. एम. फॉर्स्टर. 'अ पॅसेज टु इंडिया' (१९२४) या कादंबरीचा हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने इथे राहिला होता. त्या दिवसांवर त्याने पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं. टेकडी म्हणजे अर्थातच आमची चामुंडेची टेकडी.

या साहित्यिकाकडे दरबाराने काय काय सोपवलं होतं? बागा, टेनिसची मैदानं, मोटारी, पाहुणेघर आणि वीजघर! लिहिण्या-वाचण्याशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता, हे त्याने स्वतःच मिस्कीलपणे नोंदवून ठेवलं आहे. मुलींना आनंद झाला तो या 'वीजघरा'चा. देवासमध्ये १९२१ साली वीज होती, हे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं.

"कुणाकडे होती?" मी विचारलं.

राजवाड्याकडे. आमच्या गल्लीत खांब उभे राहिले ते पुष्कळ पुढे. तोवर रात्रीचा कारभार कंदिलाचा. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातले 'प्रभाकर' कंदील मराठी मुलखात घरोघरी होते, आणि माझ्या सासूबाई कंदिलाला 'कंदील' न म्हणता 'प्रभाकर'च म्हणत. आणि वीज आली म्हणजे राहिली असंही नाही. २००३ च्या निवडणुकीत मध्य प्रदेशात 'बिजली, सडक, पानी' हेच तीन शब्द गाजले होते, कारण तिन्हींची टंचाई होती. तेव्हा मुलांनी विजेच्या उपकरणांच्या पानावर तिसरा रकाना वाढवला: 'आणि चालायला कधी लागलं?'

हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही

धारला नणंदेच्या सासूबाई आहेत. वय नव्वदीला टेकलेलं. सगळा गोतावळा त्यांना माई म्हणतो. माहेर खानदेशातलं, चोपड्याकडचं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन धारला आल्या. दुसऱ्या रकान्याची निम्मी माहिती एकट्या माईंकडे होती. अडचण एकच, माई सन सांगत नाहीत.

"माई, स्टोव्ह घरी कधी आला?"

"थोरलीच्या बारशाच्या आधी."

"आणि गिरणीवर दळण कधीपासून?"

"मधल्या दिरांचं लग्न झालं ना, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. दोन्ही जावा माहेरी गेल्या होत्या, मी एकटी पडले. तेव्हा मामंजी म्हणाले, पाठवा गिरणीत."

मग मुलांनी लग्नपत्रिका शोधल्या, शाळा सोडल्याचे दाखले काढले, पत्र्याच्या पेटीतल्या पावत्या उलगडल्या, आणि बारसं-लग्न-मुंज यांवरून साल काढलं. इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात हजार वेळा 'साधनं' हा शब्द शिकवला असेल. मुलांना तो त्या पेटीपाशी कळला. स्टोव्ह १९५४, गिरणी १९५९, शिवणयंत्र १९५६, कुकर १९७२, मिक्सर १९७९, फ्रिज १९८६. आमच्या दोन घरांचा हा एवढा इतिहास, पण तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नव्हता.

गिरणी गावात असूनही घरी दळत का, असं मुलीने विचारलं. माई म्हणाल्या, गिरणीचं पीठ गरम होतं, त्याला चव नसते, असं मोठी माणसं म्हणायची. "चव त्यांना, आणि खांदा आमचा," असं पुढे त्या हळूच म्हणाल्या. पहाटे चारला उठून दोघी जावा समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचे हात. एकीने वैरण घालायची. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारी बाई दारावर यायची.

मुलांना ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. माई दोनदा बसल्या, पण दोन शब्दांपुढे जाईनात. "हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही गं." शेवटी माळ्यावरून जातं खाली उतरवलं. दोन माणसांनी उचललं तेव्हा कुठे हललं. मूठभर गहू घातले, माईंनी खुंटा धरला, आणि एकामागून एक अकरा ओव्या आल्या. काही माहेरच्या, काही इथे शेजारणींकडून उचललेल्या. जात्याला माळवीत 'घट्टी' म्हणतात, आणि घट्टीवरच्या माळवी चालीही माईंना येतात. देवासला १९४८ मध्ये प्रकृतीसाठी येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांनी आजारपणात अंथरुणावर पडून याच मुलखातली लोकगीतं ऐकली आणि पुढे गोळा केली. ती गीतं कुणाच्या गळ्यातून येत होती, याचा अंदाज मुलांना त्या दिवशी आला.

मी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव आणि आवाज. ते पाहून मुलांनी ठरवलं, आपल्या संकेतस्थळावर पर्किन्स-स्पेन्सरांच्या फोटोएवढाच मोठा फोटो माईंचा लावायचा.

स्टोव्हचं पान

सगळ्यांत अवघड पान स्टोव्हचं झालं, आणि ते का, हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल.

यांत्रिक बाजू सोपी. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टोव्ह आणला. टाकीत रॉकेल (आमच्याकडे घासलेट), पंपाने हवा भरायची, दाबाने तेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळते. वात नाही, म्हणून काजळी नाही. छिद्र तुंबलं की पिन मारायची. चूल फुंकून डोळे लाल झालेल्या बाईला हा स्टोव्ह म्हणजे केवढी सुटका होती, हे माईंनी रंगवून सांगितलं. सत्तरच्या दशकात इंडियन ऑइलने कमी तेलात चालणारा 'नूतन' हा वातींचा स्टोव्ह काढला, तोही घरात होता.

मग माईंनीच विषय काढला. "आमच्या गल्लीतली एक सून भडक्यात गेली. वीस-बावीस वर्षांची होती." मुलं थबकली. नात म्हणाली, "म्हणजे स्टोव्ह फुटला?" माई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सगळे तसंच म्हणाले. पण मला सांगा, स्टोव्ह सुनेच्याच हातात कसा फुटतो? सासूच्या हातात कधी फुटलेला ऐकला नाही."

आमच्या पिढीच्या वाचकांना हे नवं नाही. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही ओळ आम्ही वर्तमानपत्रात इतक्यांदा वाचली की डोळा पुढे सरकायचा. खरे अपघातही होत, हे मान्य करायला हवं. हवा जास्त भरली, छिद्र तुंबलं, तेल सांडलं, अंगावर नायलॉनची साडी असली की पेट घ्यायला क्षण लागत नसे. पण स्टोव्हच्या नावाखाली हुंड्याचे खून झाकले जात होते, हेही तितकंच खरं. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कायदा बदलला. १९८३ मध्ये भारतीय दंड विधानात ४९८-अ हे कलम आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. लग्नापासून सात वर्षांच्या आत भाजून किंवा संशयास्पद रीतीने मृत्यू झाला, आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी मानायचा. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ही तरतूद आहे.

प्रश्न असा पडला की हे शाळेच्या संकेतस्थळावर घालायचं का? धारचा मुलगा म्हणाला, आपला विषय उपकरणं आहे, गुन्हे नाहीत. नातीची मैत्रीण म्हणाली, मार्क कापतील. नात म्हणाली, "ज्याने स्टोव्ह काढला त्याचं नाव लिहायचं, आणि ज्या त्यात गेल्या त्यांच्याबद्दल काहीच नाही?" चांगली तासभर वादावादी झाली. मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, पान तुमचं, निर्णय तुमचा; पण जे लिहाल ते खरं, नेमकं आणि कुणाचं नाव न घेता लिहा.

शेवटी त्यांनी फोन लावला तो माईंना. माई म्हणाल्या, "लिहा. तिचं नाव नका लिहू, तिच्या माहेरचे अजून आहेत. पण झालं होतं, ते लिहा."

स्टोव्हच्या पानावर आता चार ओळी आहेत. दोन्ही कायद्यांची सालं आहेत. आणि ज्याला वाद घालावासा वाटला होता, त्याच मुलाने त्या टंकल्या आहेत. शाळेने त्या ओळींवर काही हरकत घेतली नाही. उलट एका शिक्षिकेने तेवढंच पान वर्गात मोठ्याने वाचून घेतलं.

यंत्र आलं, काम गेलं?

कुकर आणि मिक्सरची पानं मुलांनी हसतखेळत केली. कुकरचं मूळ फार जुनं. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनला घट्ट झाकणाचं, वाफ कोंडणारं भांडं करून दाखवलं. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या पुढे, सुमारे एकशेवीसपर्यंत तापतं, आणि डाळ लवकर शिजते. आमचं माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी शंभराच्या दीड-दोन अंश खालीच उकळतं. म्हणजे कुकरची गरज मुंबईकरांपेक्षा आम्हाला कणभर जास्तच! भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिज दोन्ही १९५९ चे. पापँपासून माईंच्या ओट्यापर्यंत यायला शिट्टीला दोनशे त्र्याण्णव वर्षं लागली.

मिक्सरची गोष्ट मुलांना सगळ्यांत आवडली. माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपल्या मसाल्यांपुढे टिकेना, जळाला, आणि इथे दुरुस्त होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर अभियंते होते. त्यांनी हळद, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ यांना पुरून उरेल असा दणकट मोटारीचा मिक्सर तयार केला. १९६३ चा तो 'सुमीत'. म्हणजे ज्या यंत्राने देशभरचा पाटा-वरवंटा मागे सारला, ते एका गृहिणीच्या तक्रारीतून जन्मलं. इथे नातीने लिहिलेली ओळ मला फार आवडली: 'परदेशी यंत्राला आपला मसाला माहीत नव्हता.'

मग मी त्यांना एक अवघड प्रश्न दिला. यंत्र आलं म्हणून काम कमी झालं का? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात दाखवलं की यंत्रांनी अंगमेहनत घटवली, पण अपेक्षा वाढवल्या. शिवाय पूर्वी लाकूड फोडणं, पाणी ओढणं यांत पुरुष आणि मुलंही हात लावत. यंत्र आल्यावर त्यांचं काम संपलं आणि बाईचं तेवढं उरलं.

मुलांनी हा प्रश्न आपापल्या आयांना विचारला. उत्तरं ऐकण्यासारखी होती. एक आई म्हणाली, पूर्वी घरात एक चटणी असायची, मिक्सर आल्यावर तीन लागतात. दुसरी म्हणाली, धुण्याचं यंत्र आलं आणि एकदा घातलेला कपडा दुसऱ्यांदा घालणं बंद झालं. त्यावर माई हसल्या. म्हणाल्या, "तक्रार करा, पण जातं ओढून बघा एक महिना." दोन्ही बाजू संकेतस्थळावर आहेत. गांधीजींचं मतही आहे. यंत्रांविरुद्ध बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण सिंगरने ते बायकोचे कष्ट पाहून केलं, असं ते मानत.

धुण्याच्या यंत्राच्या पानावर देवासच्या मुलींनी एक नोंद घातली आहे, ती बाहेरच्यांना कळायला जरा वेळ लागेल. १९९० मध्ये आमच्या गावाला रेल्वेच्या टाक्यांतून इंदूरहून पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या घरी यंत्रातून निघालेलं साबणाचं पाणी आजही बादलीत धरून मोरीत वापरतात.

हा इतिहास झाला का?

काम संपत आलं असं वाटत होतं, तेव्हा नातीने आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही तेच दोन रकाने विचारले. चूल? "आहे ना. सकाळी पेटवलीच." गॅस? आहे. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून मिळालेला. पण भरलेली टाकी महाग पडते म्हणून चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. मिक्सर? नाही. पाटा? रोज.

नात माझ्याकडे आली. "आजी, आपण चुलीला 'पूर्वी' लिहिलंय. मावशींकडे ती 'आज' आहे."

धारच्या मुलांनीही हेच सांगितलं. कुक्षी-मनावरकडच्या गावांतून शिकायला आलेल्या त्यांच्या वर्गमित्रांच्या घरी घट्टी माळ्यावर नाही, ओसरीवर आहे. तेव्हा मुलांनी सगळं संकेतस्थळ पुन्हा वाचून काढलं, आणि 'पूर्वी लोक चुलीवर स्वयंपाक करत' अशी जितकी वाक्यं होती तितकी बदलली. 'आमच्या घरी १९५४ पर्यंत चूल होती', असं नेमकं केलं. मला विचाराल तर एवढा एक धडा मिळाला तरी प्रकल्प सार्थकी लागला.

ळ कुठे आहे?

आता ते सुरुवातीचं वाक्य. बाहेर हिंदी, स्वयंपाकघरात मराठी. मुलांनी टंकायला घेतलं तेव्हा 'विली', 'उखल', 'मुसल', 'पोली' असे शब्द पडद्यावर दिसू लागले. हिंदी कळफलकावर ळ चटकन सापडत नाही, आणि हिंदीत शिकणाऱ्या मुलांच्या जिभेवरूनही तो सुटत चालला आहे. माळव्याच्या मराठी घरांत वस्तू गेली की तिच्याबरोबर शब्द जातो, कारण तो शब्द घराबाहेर कुणी बोलतच नाही. विळी गेली आणि चाकू आला, की 'विळी'चा ळ ऐकायला मिळायचं ठिकाण संपलं. मजा म्हणजे शेजारच्या माळवी आजी ळ अगदी खणखणीत उच्चारतात! मुलांनी मग प्रत्येक वस्तूपुढे आवाजाचं एक बटण ठेवलं. दाबलं की माई तो शब्द म्हणून दाखवतात. आणि मुखपृष्ठावर 'मालवा' खोडून 'माळवा' केलं.

जुनी संकेतस्थळं टिकत नाहीत, हेही मी त्यांना सांगून ठेवलं. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी अशीच अभ्यासाची संकेतस्थळं करावीत म्हणून 'थिंकक्वेस्ट' ही स्पर्धा १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. हजारो मुलांनी त्यात काम केलं, आणि २०१३ मध्ये ती बंद झाली. लाखो लोकांची घरगुती पानं सांभाळणारं 'जिओसिटीज' अमेरिकेत २००९ मध्येच मिटलं. म्हणून मुलांनी सगळ्याची एक छापील प्रत काढली, ओव्यांचं ध्वनिमुद्रण तीन ठिकाणी ठेवलं, आणि एक प्रत माईंच्या पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिकांशेजारी गेली. पेटी सत्तर वर्षं टिकली आहे.

वाचकहो, पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी जमवली आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला, म्हणून तो आज पाहता येतो. आपल्याला एवढं मोठं काम जमणार नाही. पण या सुट्टीत एवढं जरूर करा. वहीचं एक पान घ्या, दोन रकाने आखा, आणि घरातल्या सर्वांत मोठ्या बाईंजवळ बसा. सन विचारू नका. आधी कुणाचं लग्न झालं, कुणाचं बारसं झालं, ते विचारा. जातं-पाटा भंगारात द्यायचा असेल तर द्या, जागा सगळ्यांनाच कमी पडते. फक्त देण्याआधी तो एकदा त्यांच्या हातून फिरवून घ्या, आणि फिरवताना त्या काय म्हणतात ते लिहून ठेवा.